साबुदाण्याएवढा तुकडा: ॲसिडिटी, एंडोस्कोपी आणि बायोप्सी, पायरीपायरीनं

“मॅडम, कॅन्सर नाही ना? तेवढंच सांगा.”

लॅबच्या खिडकीशी पाकीट धरून उभे असलेले काका कोथरूडचे, बँकेतून निवृत्त झालेले. पंधरा वर्षं छातीत जळजळ आणि पंधरा वर्षं मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या गोळ्या. शेवटी मुलीनं हट्टानं स्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, करायला लावली होती. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी. कॅन्सर दिसत नाही, एवढं मी सांगू शकले. पण इतक्या वर्षांच्या ॲसिडनं अन्ननलिकेचं अस्तर बदललंय का, ह्या मूळ प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाटलीत दोन तुकडे आले होते. बाटलीवर नाव आणि तारीख होती, सोबतच्या फॉर्मवर ‘बॅरेट?’ एवढा एकच शब्द. अस्तराच्या ह्याच बदलाला बॅरेट म्हणतात. तुकडे अन्ननलिकेतून घेतलेत की तिच्या खाली जठराच्या तोंडाशी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बायोप्सी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. प्रश्न अर्धवट असेल तर उत्तरही अर्धवटच मिळतं, आणि ते बऱ्याचदा ‘नॉर्मल’सारखं दिसतं. म्हणून स्कोपीला जाण्याआधी, टेबलावर आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं, ते क्रमानं सांगते. डॉक्टरांशी वाद घालायला नव्हे, नीट बोलता यावं म्हणून.

आधी हे ठरू द्या: स्कोपी हवी आहे का?

जळजळ झाली की लगेच दुर्बीण, असं नसतं. वय कमी आहे, छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं, पण बाकी काही धोक्याचं लक्षण नाही, अशा माणसाला साधारण आठ आठवडे ॲसिड कमी करणारी पीपीआय गटातली गोळी (पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल वगैरे) देऊन बघतात. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. पुण्यात निम्मे लोक ती पोहे-चहा झाल्यावर, ‘आठवण झाली म्हणून’ घेतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. जठरातले ॲसिडचे पंप खाण्याच्या वेळी चालू होतात आणि ही गोळी चालू झालेल्या पंपालाच धरते. त्यामुळे ती आधी रक्तात पोचलेली हवी.

नीट घेऊनही आठ आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा बंद केल्यावर त्रास परत आला, तर स्कोपीची वेळ आली असं समजा.

काही लक्षणांत मात्र आठ आठवडे थांबायचं नाही. घास अडकतो, गिळताना दुखतं, वजन कारण नसताना उतरतंय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, शौचाला डांबरासारखी काळी होते, हिमोग्लोबिन उतरलंय, उलट्या थांबत नाहीत: ह्यातलं एकही असेल तर थेट पोटविकारतज्ज्ञ गाठा. घास अडकतो का, असं विचारलं तर आपल्याकडची वडीलधारी माणसं नाही म्हणतात. त्यांना वेगळं विचारावं लागतं: “भाकरीचा घास पाण्यानं ढकलावा लागतो का? हल्ली भातच बरा वाटतो का?” ह्याला ‘हो’ आलं की माझे कान टवकारतात.

आणखी एक गट जुन्या रुग्णांचा. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार दीर्घकाळ रिफ्लक्स (जठरातलं ॲसिड अन्ननलिकेत उलटं येणं) असेल आणि सोबत धोक्याच्या तीन किंवा अधिक गोष्टी असतील, तर एकदा स्कोपी करून बॅरेट आहे का ते बघावं. त्या गोष्टी म्हणजे पुरुष असणं, वय ५० च्या वर, धूम्रपान, लठ्ठपणा, जवळच्या नातेवाइकात बॅरेट किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर, आणि गोरा वंश. शेवटची आपल्याला लागू नाही. बॅरेटही भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसतं. पण म्हणून निर्धास्त होऊ नये. आपल्याकडे अन्ननलिकेत दुसरा एक कॅन्सर जास्त आढळतो, स्क्वेमस जातीचा. त्याची मुळं ॲसिडपेक्षा तंबाखू आणि दारूत आहेत. मिश्री लावणाऱ्या आजी ‘मी तंबाखू खात नाही’ असं मनापासून सांगतात. केसपेपरवर मिश्री लिहून घ्या.

एक सूचना स्कोपीच्याही आधीची. छातीत दुखणं नवीन आहे, दाबल्यासारखं आहे, घाम फुटतोय, हात किंवा जबडा दुखतोय, तर ईनो पिऊन ढेकर येण्याची वाट बघू नका. आधी ईसीजी.

गोळी चालू ठेवून गेलात तर काय बिघडतं?

स्कोपीचं नाव निघालं की ‘तोपर्यंत गोळ्या घेत राहा’ असं घरचे सांगतात. निदानासाठीची पहिलीच स्कोपी असेल तर हे आपल्या मुळावर येऊ शकतं. पीपीआय अन्ननलिकेचे ओरखडे भरून काढते. आत दुर्बीण घातल्यावर सगळं छान दिसतं, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येतं आणि गोळी थांबली की जळजळ पुन्हा सुरू. म्हणून शक्य असेल तेव्हा दोन ते चार आठवडे ही गोळी थांबवून स्कोपी करणं बरं. त्या काळात जळजळलं तर जेल्युसिलसारखं पातळ औषध चालतं. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी जी छोटी चाचणी तिथेच करतात, तीही ह्या गोळीमुळे खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते.

पण हे स्वतःच्या मनानं करू नका. ज्यांना रक्तस्राव झालाय, ज्यांच्या अन्ननलिकेत आधीच मोठ्या जखमा माहीत आहेत किंवा जे हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर पोट सांभाळायला ही गोळी घेतात, त्यांनी ती थांबवू नये. डॉक्टरांना फोनवर एवढंच विचारा: “ही स्कोपी गोळी बंद ठेवून करायची की चालू ठेवून?” उत्तर काहीही असो, ते फॉर्मवर लिहिलं गेलं पाहिजे. ‘पीपीआय चालू’ हे दोन शब्द वाचले तर मी तोच तुकडा वेगळ्या नजरेनं बघते.

बाकी औषधांचं थोडक्यात. साध्या बायोप्सीत रक्तस्रावाचा धोका कमी असतो, त्यामुळे ॲस्पिरिन सहसा थांबवत नाहीत. स्टेंट बसवलेल्या माणसानं ‘तुकडा काढणार आहेत’ म्हणून रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल परस्पर बंद करणं हे बायोप्सीपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्या उपाशीपोटी कशा घ्यायच्या ते आदल्या दिवशी विचारून घ्या. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याला एक इंजेक्शन घेत असाल तर आवर्जून सांगा. त्यानं जठर सावकाश रिकामं होतं आणि उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं.

वेळ घेताना विचारायच्या गोष्टी

पुण्यात ससूनपासून पिंपरीच्या वायसीएमपर्यंत आणि पेठांतल्या छोट्या नर्सिंग होमपासून मोठ्या खासगी रुग्णालयांपर्यंत ही तपासणी होते. ससूनला केसपेपर काढून ओपीडीतून जावं लागतं, सकाळ मोडते, जुने कागद सोबत लागतात. खासगीत वेळ लवकर मिळते, पण बिलाच्या ओळी आधी समजून घ्या. स्कोपीचा दर, भुलीचा दर, तुकडा काढण्याचा दर आणि पॅथॉलॉजीचा दर ह्या चार वेगळ्या ओळी असू शकतात. ‘स्कोपीचं पॅकेज’ म्हणजे बहुधा पहिली ओळ. मेडिक्लेम असेल तर निव्वळ निदानासाठीची स्कोपी त्यात बसते का, हे आधीच विचारलेलं बरं, नंतर खिडकीवर आवाज चढतो.

आता आतली गोष्ट सांगते. बऱ्याच लॅब बाटलीप्रमाणे पैसे लावतात. रुग्णाचे पैसे वाचावेत म्हणून कधी कधी तीन ठिकाणचे तुकडे एकाच बाटलीत घातले जातात. हेतू चांगला, पण वरचा कुठला आणि खालचा कुठला हे मला कळायला मार्ग उरत नाही. म्हणून ‘वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा, जास्तीचे पैसे देतो’ हे वाक्य तुम्ही बोललात तर ते डॉक्टरांना जड जाणार नाही, उलट सोपं होईल.

आदली रात्र आणि सकाळ

रात्री हलकं जेवा. त्यानंतर घन पदार्थ निदान सहा ते आठ तास बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेक ठिकाणी चालतं, पण तुमच्या दवाखान्याचा नियम पाळा. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, अगदी ‘अर्धा कपच’ असला तरी.

आणि उपाशी म्हणजे उपाशी, उपवास नव्हे. माझी एक मैत्रीण एंडोस्कोपी विभागात काम करते. चतुर्थीला एक काकू खिचडी खाऊन आल्या होत्या, “तुम्हीच म्हणालात ना, उपवास करून या.” साबुदाण्यानं भरलेल्या जठरात दुर्बीण घालता येत नाही. पोटातलं फुप्फुसात जाण्याची भीती असते. त्यांना घरी परत जावं लागलं.

कवळी काढून द्यायची असते, हलणारा दात असेल तर आधी सांगायचा. नेलपॉलिश, लिपस्टिक नको, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात. दमा, झोपेत जोरात घोरणं आणि श्वास अडखळणं, पूर्वी भुलीचा झालेला त्रास, औषधांची ॲलर्जी: भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सगळं हवं असतं. जुने स्कोपीचे रिपोर्ट आणि फोटो फाइलमध्ये असू द्या. सोबत एक मोठं माणूस हवंच. भुलीनंतर २४ तास गाडी चालवायची नाही, आणि हे पुणं असल्यामुळे स्पष्ट सांगते, ॲक्टिव्हावर मागे बसूनही जायचं नाही. रिक्षा करा.

टेबलावर काय होतं

संमतीपत्रावर सही करताना ‘बायोप्सी’ हा शब्द त्यात आहे का बघा. मग घशात बधिरतेचा फवारा मारतात, कडवट लागतो, घसा सुजल्यासारखा वाटतो आणि थुंकी गिळता येत नाहीये अशी भावना होते. ती फवाऱ्याची करामत, घाबरू नका. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लास्टिकची कडी ठेवतात म्हणजे दुर्बिणीला चावा बसत नाही.

फवाऱ्यावर करायची की झोपेचं इंजेक्शन घेऊन, हा तुमचा निर्णय. करंगळीएवढ्या जाडीची, जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरची नळी असते, श्वासाची वाट मोकळीच राहते. फवाऱ्यावर उमाळे येतात, पण स्वतः चालत घरी जाता येतं. ज्यांना साधी तपासणी करायची आहे त्यांना फवारा पुरतो. मात्र बॅरेटचा संशय असेल, सावकाश बघून पुष्कळ तुकडे घ्यायचे असतील, तर झोपेचं इंजेक्शन घ्यावं असं माझं मत आहे. उमाळे येणाऱ्या माणसात डॉक्टर घाई करतात, आणि ती घाई माझ्या स्लाइडवर दिसते.

नीट केलेली तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. तुकडा काढताना दुखत नाही.

डॉक्टर पडद्यावर काय वाचतात

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब. तिचं अस्तर फिकट गुलाबी, त्वचेसारखं थरांचं, ते स्क्वेमस. जठराचं अस्तर लालसर, मखमली. दोन्ही जिथे भेटतात तिथे नागमोडी रेघ दिसते, तिला झेड लाइन म्हणतात. ती बहुधा दातांपासून ४० सेंटिमीटरच्या आसपास असते. जठराच्या वळ्या जिथे संपतात ती अन्ननलिकेची खरी तळरेघ. झेड लाइन त्या तळरेघेवरच असेल तर उत्तम. झेड लाइन वर सरकलेली असेल, म्हणजे लाल अस्तर अन्ननलिकेत चढलेलं असेल, तर बॅरेटचा विचार करायचा. जठराचा वरचा भाग डायफ्रॅमच्या (छाती आणि पोट ह्यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या) भोकातून छातीत सरकला असेल तर हायटस हर्निया. तो असला की ही मोजमापं फसतात, कारण हर्नियाचं लाल अस्तर नवख्या डोळ्यांना बॅरेटसारखं दिसतं.

ॲसिडनं पडलेले ओरखडे मोजायला एलए ग्रेड वापरतात, लॉस एंजेलिसवरून नाव पडलंय. ए म्हणजे ओरखडा ५ मिलिमीटरपर्यंत. बी म्हणजे त्याहून लांब, पण एका वळीच्या माथ्यावरून दुसरीकडे पसरलेला नाही. सी म्हणजे वळ्यांना जोडत गेलेला, पण नळीच्या घेराच्या ७५ टक्क्यांहून कमी. डी म्हणजे ७५ टक्के किंवा अधिक. ग्रेड ए निरोगी माणसांतही सापडतो, म्हणून एकट्या ए वर आयुष्यभराची गोळी लिहून घेऊ नका. बी, सी, डी हे हल्लीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत रिफ्लक्सचा पक्का पुरावा धरले जातात.

आणि काहीच दिसलं नाही तर? रिफ्लक्सच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत स्कोपीला ओरखडे नसतातच. ‘स्कोपी नॉर्मल म्हणजे तुमच्या मनाचे खेळ’ असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. अशा वेळी नाकातून बारीक नळी ठेवून २४ तास, किंवा अन्ननलिकेत छोटी कॅप्सूल चिकटवून ९६ तासांपर्यंत ॲसिड मोजतात. अन्ननलिका एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त काळ ॲसिडमध्ये असेल तर रिफ्लक्स नक्की, ४ टक्क्यांहून कमी असेल तर नाही. मधलं असेल तर बाकीच्या गोष्टी जुळवून ठरवायचं.

लाल अस्तर वर चढलेलं असेल तर त्याची लांबी प्राग पद्धतीनं लिहितात. सी म्हणजे नळीच्या पूर्ण घेरात किती सेंटिमीटर, एम म्हणजे सर्वांत लांब जीभ कुठवर. ‘सी २ एम ५’ लिहिलं की जगात कुठल्याही डॉक्टरला चित्र दिसतं. रिपोर्टवर नुसतं ‘बॅरेट दिसते’ असेल तर आकडे मागा. पाच वर्षांनी वाढलं की नाही हे ठरवायला दुसरा आधार नसतो.

तुकडा कधी घ्यायचा, कधी नाही

इथे थोडं थांबते, कारण गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो.

नुसता रिफ्लक्स सिद्ध करायला बायोप्सीचा फारसा उपयोग नाही. ॲसिडनं अस्तराच्या तळच्या पेशी वाढतात, पॅपिले (अस्तरात खालून वर घुसलेली बोटांसारखी टोकं) लांबतात, पेशींच्या मधे पाणी भरतं, चार-दोन इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) येतात. हे मला दिसतं, मी लिहितेही, पण हेच बदल इतर कारणांनीही होतात आणि रिफ्लक्स असूनही कधी दिसत नाहीत. झेड लाइन जागेवर आहे, जरा वेडीवाकडी आहे, एवढ्यावर तिथला तुकडा काढू नये. तिथे जठराचं अस्तर सापडणारच, कधी त्यात आतड्यासारख्या पेशीही सापडतात, आणि रुग्णाच्या कपाळी उगाच ‘बॅरेट’चा शिक्का बसतो. तो शिक्का विम्याच्या कागदांत आणि रात्रीच्या झोपेत फार वर्षं राहतो.

तुकडा हवाच अशा जागा वेगळ्या. गाठ, उंचवटा, विचित्र व्रण, अरुंद झालेली जागा दिसली तर तिथला तुकडा त्याच दिवशी घेतात.

घास अडकतो पण अस्तर जवळपास ठीक दिसतंय, अशा वेळी इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस ह्या ॲलर्जीसारख्या आजारासाठी वर-खाली किमान दोन पातळ्यांवरून मिळून निदान सहा तुकडे हवेत. तरुण मुलगा, दमा-सर्दीचा इतिहास, मटणाचा तुकडा अडकून रात्री इमर्जन्सीत आलेला: ही त्याची ठरावीक गोष्ट. एकच तुकडा पाठवला तर तो आजार हमखास निसटतो, कारण तो ठिपक्याठिपक्यांत असतो.

आणि लाल अस्तर एक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वर चढलेलं असेल तर बॅरेटसाठी. ह्याची शिस्त ‘सिएटल पद्धत’ म्हणून ओळखली जाते. दर दोन सेंटिमीटरवर नळीच्या चारही बाजूंनी एकेक तुकडा, आणि वेगळं दिसणाऱ्या जागेचा निराळा. पूर्वी डिस्प्लेझिया (पेशींचा कॅन्सरच्या दिशेनं झालेला बिघाड) सापडला असेल तर दर एक सेंटिमीटरवर. पहिल्यांदा शोधताना शक्य तिथे निदान आठ तुकडे. आधी धुऊन, साध्या आणि निळसर प्रकाशात, दर सेंटिमीटरला मिनिटभर तरी बघणं अपेक्षित असतं. चार-पाच सेंटिमीटरच्या बॅरेटला दोन तुकडे म्हणजे भाताच्या पातेल्यातलं एक शीत. शिताची परीक्षा भाताला चालते, बॅरेटला नाही. इथे एक शीत शिजलेलं आणि शेजारचं कच्चं असू शकतं.

एक महत्त्वाचा अपवाद. सी किंवा डी ग्रेडच्या जखमा असतील तर बॅरेटचा निकाल त्या दिवशी लावू नये. सुजलेल्या पेशी बिघडलेल्या पेशींसारख्या दिसतात, आणि जखमांच्या खाली बॅरेट लपलेलं असू शकतं. आठ आठवडे गोळी देऊन, जखमा भरवून पुन्हा बघायचं असतं. दुसऱ्या स्कोपीचं नाव काढलं की ‘पैसे काढायचे धंदे’ असं म्हणणारे भेटतात. ह्या बाबतीत तरी तसं नाही.

बाटली ते स्लाइड

तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा, साबुदाण्याएवढा. तो लगेच फॉर्मलिनमध्ये जातो. बाटलीवर नावाबरोबर जागा हवी: ‘दातांपासून ३८ सेंमी’, ‘जठराचा खालचा भाग’ अशी. तपासणीनंतर जाग आल्यावर तुमच्या माणसानं बाटल्यांची संख्या, लेबल आणि फॉर्मवरची संख्या जुळवून बघावी. दोन मिनिटांचं काम आहे. बाटली तुमच्याच हातात लॅबला न्यायला दिली तर झाकण घट्ट बघा, फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि फॉर्म विसरू नका.

लॅबमध्ये तुकडा रात्रभर रसायनांतून जातो, मेणात बसवतात, मग तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवतात. संशय असेल तर अल्शियन ब्लू नावाचा रंग वापरतो. पेल्याच्या आकाराच्या गॉब्लेट पेशी त्यात निळ्या उमटतात. ह्या पेशी आतड्याच्या, अन्ननलिकेत त्यांचं काही काम नाही. जठरासारखं अस्तर त्यांच्यासकट दिसलं, आणि तुकडा खरोखर अन्ननलिकेतलाच आहे हे स्कोपीच्या कागदावर असलं, की बॅरेट म्हणता येतं. नॉर्मन बॅरेट ह्या ब्रिटिश सर्जननं १९५० मध्ये ह्यावर लेख लिहिला, त्यावरून हे नाव. गंमत म्हणजे ब्रिटनच्या सूचनांत गॉब्लेट पेशींची अट नाही, अमेरिकेच्या सूचनांत आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर

साधारण आठवडाभरात रिपोर्ट येतो. दोन कागद शेजारी ठेवून वाचा, स्कोपीचा आणि बायोप्सीचा. एकटा कुठलाच पुरा नाही.

‘स्क्वेमस अस्तर, रिफ्लक्सशी सुसंगत बदल’: घाबरण्यासारखं काही नाही, उपचार लक्षणांवर आणि ग्रेडवर चालतील. ‘कार्डिया प्रकारचं अस्तर, गॉब्लेट पेशी नाहीत’ (कार्डिया म्हणजे जठराचं तोंड): तुकडे कमी असतील तर प्रश्न तसाच उरलाय, किती तुकडे होते ते बघा. ‘इओसिनोफिल (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणाऱ्या) एका क्षेत्रात १५ किंवा जास्त’: दुसराच आजार असू शकतो, पोटविकारतज्ज्ञांशी चर्चा करा. ‘कॅन्डिडा’: बुरशी, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांत आणि मधुमेहींत दिसते, उपचारानं जाते.

‘इंटेस्टिनल मेटाप्लेझिया (आतड्यासारखं झालेलं अस्तर), डिस्प्लेझिया नाही’ म्हणजे साधं बॅरेट. हा कॅन्सर नव्हे. वर्षाला हजारांत मोजक्या लोकांतच तो कॅन्सरकडे सरकतो. गोळी चालू राहते आणि स्कोपी ठरावीक अंतरानं होते: लांबी तीन सेंटिमीटरहून कमी असेल तर पाच वर्षांनी, तीन किंवा जास्त असेल तर तीन वर्षांनी. दर सहा महिन्यांनी भीतीपोटी करू नका.

‘इनडेफिनिट फॉर डिस्प्लेझिया’ ह्या शब्दांवर लोक माझ्यावर चिडतात. मला वाटतं हा सर्वांत प्रामाणिक शेरा आहे. सूज एवढी आहे की बिघाड की दुरुस्ती ते सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. ॲसिड नीट आटोक्यात आणून सहा महिन्यांच्या आत पुन्हा तुकडे घ्यायचे.

‘लो ग्रेड’ किंवा ‘हाय ग्रेड डिस्प्लेझिया’ आलं तर पहिली पायरी म्हणजे दुसरा पॅथॉलॉजिस्ट, शक्यतो पोटाच्याच स्लाइड बघणारा. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागता येतात, तो तुमचा हक्क आहे. पुण्याहून बरेच जण ते परळच्या टाटा मेमोरियलला नेऊन पुन्हा तपासून घेतात. माझ्या स्लाइड कोणी मागितल्या तर मला राग येत नाही. लो ग्रेड दोघांनी मान्य केलं तर दुर्बिणीतून ते अस्तर जाळून टाकायचं की सहा महिन्यांनी, मग वर्षानं असं बारकाईनं बघत राहायचं, हे मिळून ठरतं. हाय ग्रेडमध्ये उंचवटा दुर्बिणीतूनच काढतात आणि उरलेलं अस्तर रेडिओफ्रिक्वेन्सीनं नष्ट करतात. पूर्वी ह्यासाठी अन्ननलिका काढावी लागे.

घरी आल्यावर

घसा बधिर असेपर्यंत, साधारण तासभर, काही खाऊ-पिऊ नका. आधी पाण्याचा घोट, मग मऊ भात. घसा एक-दोन दिवस खवखवतो. भोक पडणं किंवा मोठा रक्तस्राव हजारो तपासण्यांत एखाद्या वेळी होतो, पण लक्षणं माहीत असू द्या: छातीत किंवा पोटात वाढत जाणारी तीव्र वेदना, ताप, धाप, मानेच्या त्वचेखाली कुरकुर, रक्ताची उलटी, काळी शौच. रात्र असली तरी निघा, सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.

काकांच्या वेळी मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. पहिल्या स्कोपीत सी ग्रेडच्या जखमा होत्या, त्यामुळे तसंही पुन्हा बघायचंच होतं. काकांनी आठ आठवडे गोळी पोह्यांच्या आधी घेतली, रात्रीचं जेवण साडेदहावरून आठवर आणलं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. दुसऱ्या वेळी तीन बाटल्या आल्या. एकीवर ‘३७ सेंमी’, दुसरीवर ‘३९ सेंमी’, तिसरीवर ‘जठर’. फॉर्मवर ‘सी १ एम २, पीपीआय चालू, जखमा भरल्या’. पहिल्या दोन्हींत गॉब्लेट पेशी निळ्या उमटल्या, डिस्प्लेझिया नव्हता. काका पाकीट घ्यायला आले तेव्हा पुन्हा तोच प्रश्न. ह्या वेळी मी ‘नाही’ म्हणाले आणि पुढच्या स्कोपीचं साल त्यांच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून दिलं.